पांढरीच्या पोटात

आमच्या आजोळचं मातीचं घर पाडलं तेव्हा ओटीवरच्या भुईचं एक मोठं ढेकूळ कुदळीबरोबर उचकटून वर आलं. त्याची कड मोडली होती तिथे बारीक पापुद्रे दिसत होते. राखाडी, पिवळट, पुन्हा राखाडी, मधेच एक काळसर रेघ. आजीच्या आणि तिच्या सासूच्या हातच्या सारवणाचे ते थर. आईनं ढेकूळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यातला एखादा माझ्या लग्नातला असेल."

पुरातत्त्व म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मला आईचं ते वाक्य आठवतं. कुठला पापुद्रा कुणाच्या लग्नातला, हे शोधून काढायची ही विद्या. फरक इतकाच की इथे लग्न लागलेली, सारवण घालणारी, त्या भुईवर रांगलेली सगळी माणसं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच गेलेली असतात आणि त्यांनी मागे एक अक्षरही लिहून ठेवलेलं नसतं. तरी त्यांच्या घरात काय शिजत होतं, मूल दगावलं की आई-बाप काय करत, मेलेल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात काय होतं, हे आज आपल्याला बऱ्यापैकी सांगता येतं. ते कसं, हे पाहायचं तर मला महाराष्ट्रातल्या एकाच गावाजवळ थांबावंसं वाटतं. इनामगाव.

पुण्याहून पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर हे गाव आहे. सह्याद्रीत उगम पावलेली घोड पुढे भीमेला मिळते. गावाजवळ नदीकाठी काही बुटकी टेकाडं आहेत आणि त्यांची माती आसपासच्या रानापेक्षा वेगळी, फिकट, भुसभुशीत आहे. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्याच्या बोलीत जमीन दोनच प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकवायची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, केरकचरा हे सगळं साचत जातं आणि जमिनीचा रंगच बदलतो. ही पांढरी लोक पूर्वीपासून गाड्या भरभरून नेत आले आहेत, कुणी शेताला घालायला, कुणी भिंतींना लिंपायला. पुरातत्त्ववाले पहिल्यांदा शोधतात ती हीच पांढरी. एका अर्थानं त्यांच्या आधी शेतकऱ्यानंच ती ओळखलेली असते.

इनामगावच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. त्याआधी जोर्वे, नेवासे, चांडोली अशा ठिकाणी खणून महाराष्ट्रातल्या या आद्य शेतकऱ्यांचा सुगावा लागला होता. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे गावावरून त्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नावही मिळालं होतं. पण बहुतेक ठिकाणी खणलं गेलं ते विहिरीसारखं, सरळ खोल. अशा खड्ड्यात कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा हे कळतं, पण गाव दिसत नाही. इनामगावला त्यांनी टेकाड आडवं उघडायचं ठरवलं. एकेक थर विस्तीर्ण जागेवर, सावकाश. परडीच्या तळाशी काय आहे ते काडी खुपसून पाहायचं, की वरचं फडकं अलगद बाजूला करून सगळी परडी एकदम बघायची, इतका फरक या दोन रीतींमध्ये आहे. पुढच्या हंगामांत इथे १३० हून अधिक घरं उजेडात आली. महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या गावाची एवढी घरं एका ठिकाणी तोवर कुणी पाहिली नव्हती.

घरं उजेडात आली म्हणजे भिंती सापडल्या असं नव्हे. ती कुडाची घरं होती, काठ्या रोवून, कामट्या विणून, वर चिखलाचा गिलावा. कूड कुजतो, छप्पर उडून जातं. उरतं काय? भोकं. खांब जिथे रोवला होता तिथे तो कुजून गेला की त्या खळग्यात वेगळ्या पोताची, गडद माती भरते. खणणारा माणूस भुई अलगद खरवडतो, वरून थोडं पाणी शिंपडतो, आणि ओल्या जमिनीवर काळसर गोल ठिपके उमटतात. एक, मग दुसरा, मग ओळीनं पाच-सहा. ठिपके जोडत गेलं की चौकोन तयार होतो, चौकोनात एका बाजूला तुटक जागा दिसते, तिथे दार. जिथे काहीही उरलेलं नाही त्या पोकळीवरून घर पुन्हा उभं राहतं, ही गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी जादूसारखी वाटते.

इनामगावची वस्ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला सुरू झाली आणि ७०० च्या सुमाराला संपली. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं. सिंधू खोऱ्यातली मोठी शहरं तोवर विस्कटली होती, अजिंठ्याचं पहिलं लेणं खोदायला अजून खूप काळ जायचा होता. इतकी वर्षं कळतात कशी, तर कोळशावरून. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत असतं, त्यात किरणोत्सारी कार्बनचा एक अगदी बारीक वाटा असतो. झाड तोडलं की नवीन भर थांबते आणि असलेला वाटा ठरावीक गतीनं घटत जातो. सुमारे ५७३० वर्षांत निम्मा. चुलीतल्या कोळशात तो किती उरला हे मोजलं की लाकूड कधी तोडलं ते कळतं. कुणाच्या तरी संध्याकाळच्या चुलीतला कोळसा हेच त्या गावाचं पंचांग.

या नऊशे वर्षांचे अभ्यासकांनी तीन टप्पे केले आहेत. पहिला माळवा संस्कृतीचा, मग पूर्व जोर्वे, आणि इसवी सनापूर्वी १००० नंतरचा उत्तर जोर्वे. मधला टप्पा भरभराटीचा. तेव्हाची घरं चौकोनी, साधारण ५ मीटर लांब नि ३ मीटर रुंद, ओळीनं बांधलेली, दोन घरांमध्ये चालायला बोळ सोडलेला. आत चूल. कोपऱ्यात पेव, धान्य साठवायला खणलेला खड्डा, आतून लिंपलेला. कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. कुठे चार चपटे दगड मांडलेले, चार पायांच्या मोठ्या रांजणाला टेकू म्हणून. दळायला पाटा. जातं अजून यायचं होतं, त्यामुळे बाईनं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दगड पुढे-मागे रेटायचा. पेव, कणगी, रांजण, पाटा. यातला एक शब्दही आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, आणि मला तर यातच त्या गावाची सगळ्यात जास्त जवळीक वाटते.

ते खात काय, हे कळायला दुसरी एक युक्ती लागते. साधा दाणा मातीत पडला की उगवतो किंवा कुजतो. करपलेला दाणा मात्र कोळसा झालेला असतो. त्याला कीड लागत नाही, तो कुजत नाही, आकार जसाच्या तसा राहतो. चुलीजवळची माती पोत्यांनी भरून घ्यायची, पाण्यात सोडून ढवळायची, माती तळाशी बसते आणि करपलेले दाणे वर तरंगतात. मग ते गाळून, वाळवून, भिंगाखाली पाहायचे. इनामगावच्या पाण्यावर तरंगून आला तो मुख्यतः जव, म्हणजे सातू. त्याच्या जोडीला गहू, थोडा तांदूळ, तीळ, मसूर-कुळथासारखी कडधान्यं. बोरं, जांभळं आणि आवळेही. ज्या दिवशी दाणा भाजताना विस्तव जास्त झाला आणि मूठभर धान्य वाया गेलं तोच दिवस आपल्यापर्यंत पोचला. नीट शिजलेली हजारो जेवणं पुसून गेली.

हाडंही तितकीच बोलकी. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा. रानातलं काळवीट, चितळ, सांबर, ससा. नदीतले मासे, कासव, खेकडे, मगरही. कुठल्या हाडावर सुरीचे वार आहेत, कुठलं भाजलेलं आहे, जनावर किती वयाचं असताना मारलं, हे सगळं हाडावर वाचता येतं. बैल म्हातारा होईपर्यंत ठेवला असेल तर तो कामाचा होता. एका भांड्यावर तर दोन बैल जुंपलेली गाडीच कुणीतरी ओरखडून ठेवली आहे.

शिरूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथला पाऊस भरवशाचा नाही, आजही नाही. तिथे गहू पिकवायचा तर नुसतं आभाळाकडे बघून भागत नाही. इनामगावच्या लोकांनी नदीचं पाणी वळवायला पाट खणला होता. सुमारे ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, शंभर मीटरांहून लांब. कडेला दगडगोट्यांचा बांध. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. तांबं होतं, पण मोलाचं आणि थोडं. रोजची पाती गारगोटीच्या जातीच्या चकचकीत दगडाची, बोटाएवढी, खाचेत बसवून वापरायची. एवढ्या हत्यारांवर हा पाट खणला गेला. आता याचा विचार करा. एका कुटुंबाच्यानं हे होणार नाही. कुणीतरी सांगणारा हवा, कुणीतरी ऐकणारे हवेत. किती घरांनी किती माणसं द्यायची, पाणी आधी कुणाच्या रानाला, बांध फुटला तर रात्री कुणी धावायचं, हे ठरवणारी व्यवस्था हवी. जमिनीतल्या एका खंदकावरून अख्खी गावकी दिसू लागते. माझ्या मते इनामगावचा सगळ्यात मोठा शोध हा पाटच आहे. मूर्ती आणि मडक्यांसमोर माणसं थबकतात, पाटासमोर थबकत नाहीत, याची मला हळहळ वाटते.

गावाच्या मधोमध एक घर इतरांहून वेगळं निघालं. त्याला पाच खोल्या होत्या. त्याला लागून धान्याचं कोठार. खातीपिती घरं याच मधल्या भागात होती. कुंभार, चुना भाजणारे, मणी घडवणारे, सोन्याचं काम करणारे हे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत होते. कोठार एकाच्या दाराशी असणं म्हणजे काय, हे शेतकरी घरातल्या माणसाला फोडून सांगायला नको. सगळ्यांकडून थोडं थोडं धान्य इथे येत असणार आणि नडीअडीला इथूनच वाटलं जात असणार. ढवळीकरांनी हे गावप्रमुखाचं घर मानलं.

आता घराच्या भुईखाली जाऊ. खरं सांगायचं तर मी या गावाच्या ओढीत सापडलो ते इथेच.

इनामगावचे लोक आपल्या माणसांना गावाबाहेर नेत नव्हते. घरातच, पायाखालच्या भुईत किंवा अंगणात पुरत. मोठ्या माणसाला आडवं निजवत, डोकं उत्तरेला. आपल्या घरांतून अजून सांगतात की दक्षिणेला पाय करून झोपू नये, ती मेलेल्या माणसाची रीत. इथून तिथवर सरळ रेघ ओढण्याइतका पुरावा कुणाकडे नाही, मीही ओढत नाही. पण इनामगावच्या सांगाड्याचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर आपसूक दक्षिणेच्या टोकाकडे गेली. तिथे पाय असायला हवे होते. नडगीची हाडं होती. घोट्याखाली काही नव्हतं.

मेल्यावर त्या माणसाची पावलं तोडून टाकली होती. एखाद्याची नव्हे, प्रौढांच्या दफनांमध्ये हीच रीत. का? अभ्यासकांना वाटतं की मेलेला उठून चालू लागू नये, निघून जाऊ नये किंवा भूत होऊन हिंडू नये, म्हणून. भुताची पावलं उलटी असतात हे ऐकत मोठे झालेल्या आपल्याला ही कल्पना परकी वाटत नाही. पण मला यात फक्त भीती दिसत नाही. ज्याची नुसती भीती वाटते त्याला माणूस लांब नेऊन टाकतो. इथे त्यालाच घरात, चुलीपासून दोन हातांवर ठेवलं होतं. त्याच्या शेजारी तोटीचं भांडं ठेवलं, वाडगा ठेवला, म्हणजे तहान-भुकेची सोय केली. आणि त्याची पावलं काढून घेतली. तू जाऊ नकोस, इथेच राहा, हे सांगायची ही रीत असू शकते. भीती आणि माया एकाच खड्ड्यात.

मुलांचं निराळं. दोनशेच्या वर दफनं इथे सापडली आणि त्यांत लहान मुलांचा वाटा फार मोठा आहे. मुलासाठी दोन घडे घेत, हातानं घडवलेले, राखाडी. मूल आत ठेवत आणि दोन्ही घड्यांची तोंडं एकमेकांना जुळवून ते भुईखालच्या खड्ड्यात आडवे ठेवत. बाहेरून पाहिलं तर मातीचं एक बंद अंडं. खणताना आधी घड्याचा फुगीर पोटाचा भाग वर दिसतो, ब्रशनं माती सरकवत गेलं की दुसऱ्याची कड लागते, मग दोघांचे काठ एकमेकांवर टेकलेले दिसतात. आत बोटभर लांबीची हाडं. पोटाच्या आकाराचा घडा, आत गुडघे दुमडलेलं मूल, वरून आईची रोजची ये-जा. त्यांनी मुलाला परत कुठे ठेवलं, हे ओळखायला कुठल्याही लेखी पुराव्याची गरज नाही असं मला वाटतं. जिथून आलं तिथेच.

घोड नदीच्याच काठच्या चांडोलीला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. त्या माळेत दोरा टिकून होता. असा दोरा खरं तर मातीत वर्षभरही टिकायचा नाही. पण तांबं गंजताना त्याचे क्षार तंतूंत मुरतात आणि कुजवणारे जंतू तिथे फिरकत नाहीत. त्या धाग्यावरून कळलं की तो जवसाच्या झाडाच्या तंतूंचा होता. तांबं त्या काळी किती दुर्मिळ होतं हे आठवलं की माळेची किंमत लक्षात येते. लेकराबरोबर ती मातीत देणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं, तरी दिली.

इनामगावच्या भुईतून अशीच आणखी एक वस्तू निघाली, पूर्व जोर्वे काळातल्या एका घरात. मातीची लंबगोल डबी, झाकण असलेली. डबीच्या आत एक ओबडधोबड स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला डोकं नाही आणि ते मोडलेलंही नाही, केलंच नव्हतं. तिच्याबरोबर एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. एक काडी घेऊन दोन्ही भोकांत बसवली की ती बैलावर स्वार होते. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. भट्टी त्या गावात होती. तिथल्या कुंभाराची लाल भांडी, काळ्या रंगानं नक्षी काढलेली, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. म्हणजे भाजता येत नव्हतं म्हणून कच्चं ठेवलं असं नाही. कच्चं ठेवायचंच होतं. घरातल्या कुणीतरी, कुठल्याशा गरजेच्या वेळी, हातानं घडवून ती पुरली. मूल व्हावं म्हणून, झालेलं जगावं म्हणून, असं मानायला जागा आहे. डोकं नसलेली देवी म्हटलं की मराठी वाचकाला रा. चिं. ढेऱ्यांनी जिच्यावर ग्रंथ लिहिला ती लज्जागौरी आठवणारच. मधे हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे, तेव्हा ही तीच, असं म्हणायचा मोह आवरलेला बरा. पण बेंदराला, पोळ्याला कच्च्या मातीचे बैल करून पूजणाऱ्या मुलखात ती डबी निघाली हे मला विसरता येत नाही.

इथवर आलं की एक गोष्ट नजरेत भरते. दाणे भुईत, देवी भुईत, वाडवडील भुईत, लेकरं भुईत. या माणसांना जे जे जिवापाड प्रिय होतं ते सगळं त्यांनी एकाच ठिकाणी ठेवलं. आपल्याकडे देव्हारा वेगळा, कोठी वेगळी, मसणवट वेगळी. त्यांच्याकडे ही एकच जागा होती आणि वर तिच्यावरच निजायचं, जेवायचं. म्हणून तर नुसती जमीन खरवडून आपल्याला त्यांचं इतकं काही सापडतं.

पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र या सगळ्या रीतीला छेद देणारं एक दफन निघालं. न भाजलेल्या मातीचा एक मोठा रांजण, पोट फुगलेलं, खाली चार आखूड पाय. आत साधारण चाळिशीतला पुरुष, मांडी घालून बसलेला. त्याला आडवा निजवलेला नव्हता. आणि त्याची पावलं शाबूत होती. गावात एवढ्या प्रौढांची पावलं तोडली, याची का नाही? तो गावप्रमुख असावा असं ढवळीकरांचं मत आणि ते पटण्यासारखं आहे. मेल्यावरही ज्यानं उठून चालावं असं गावाला वाटत होतं, असा हा माणूस असेल का? रांजणातल्या एका भांड्यावर होडी रंगवलेली आहे, लांब वल्ह्यांची. आणि त्याच रांजणाच्या खाली तसाच आणखी एक चार पायांचा रांजण निघाला. पण त्यात कुणीच नव्हतं. सांगाडा नाही. कदाचित कुणी दूर गेला आणि परत आला नाही, त्याच्या नावानं पुरलेला. लढाईत, प्रवासात, पुरात. सांगाडा नसलेल्या रांजणासाठीही त्यांनी खड्डा तेवढाच खणला, माती तेवढीच लोटली.

इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास गावाचं रूप पालटतं. चौकोनी घरं जातात, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, तीन-चारच्या घोळक्यानं. गव्हाचं प्रमाण घटतं, रानातल्या शिकारीची हाडं वाढतात. भांड्यांवरची नक्षीही भरड होत जाते. ढवळीकरांनी याचं कारण हवामानात शोधलं. पाऊस कमी होत गेला, शेती बसली, लोक अर्धे भटके झाले. नंतरच्या काही अभ्यासकांना हे इतकं सरळ वाटत नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या मुलांच्या सांगाड्यांचा बारकाईनं अभ्यास केला आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाचं वय दातांवरून फार नेमकं कळतं, कारण उपासमार झाली तरी दात बहुतेक वेळापत्रक पाळतात. हाडं पाळत नाहीत. दात दोन वर्षांचे आणि मांडीचं हाड दीड वर्षाच्या मुलाएवढं, असं दिसलं की त्या मुलाला पुरेसं मिळालं नाही किंवा ते वारंवार आजारी होतं. उत्तर काळातल्या मुलांच्या हाडांत हा ताण दिसतो. पाऊस, जमीन, वाढलेली तोंडं यांतलं कोण किती कारणीभूत, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. पण घास लहान झाला होता हे त्या हाडांनी नोंदवून ठेवलं आहे, दुष्काळाच्या कुठल्याही सरकारी नोंदीपेक्षा खरं.

एवढं सगळं बदललं. घराचा आकार गेला, ताटातला गहू आटला. पण त्या गोल झोपड्यांची भुई उकरली तेव्हा खाली तेच निघालं जे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या चौकोनी घरांखाली होतं. डोकं उत्तरेला, घोट्याखाली पावलं नाहीत. आणि शेजारच्या खड्ड्यात एकमेकांच्या काठाला काठ टेकवलेले दोन राखाडी घडे, आडवे, आतल्या लेकराला धक्का लागू नये अशा बेतानं ठेवलेले.